डोनट झाकायचे नसतात

डोनटला मध्ये भोक का असतं, हे मला आतापर्यंत इतक्या लोकांनी विचारलंय की उत्तर बॉक्सवर छापून घ्यावं असं वाटतं. भोक शोभेसाठी नसतं. पिठाचा गोळा जाड असला की बाहेरचा भाग होईपर्यंत मधला कच्चा राहतो. मधला भागच काढून टाकला की प्रश्न मिटतो. आपल्या मेदूवड्याचंही तेच आहे. हे सांगितलं की माणसं जरा निराश होतात, त्यांना काहीतरी गोष्ट हवी असते. जेसल पार्कातल्या एका काकांनी तर गंभीरपणे विचारलं होतं, "मग त्या भोकातला माल जातो कुठे? तो आम्हाला मिळायला हवा." मी पुढच्या ऑर्डरबरोबर त्यांना छोट्या गोळ्यांची पिशवी दिली. तेव्हापासून ते फक्त गोळेच मागवतात. डोनट नको म्हणतात.

मी भाईंदर पूर्वेला घरातूनच बेकरीचं काम करते. आधी ऑफिसात होते, मग सोडलं. का सोडलं ते सांगत बसत नाही. केक करणाऱ्या बायका आमच्याकडे प्रत्येक बिल्डिंगमध्ये आहेत, म्हणून मी डोनट धरले. वर्षभर वाढदिवस आणि शाळांचे कार्यक्रम असतात. डिसेंबर आला की नाताळ. त्या महिन्यात आमच्या घरी पाहुण्यांनी येऊ नये. आले तर उभं राहावं लागतं, कारण सोफ्यावर डोनट निववायच्या जाळ्या मांडलेल्या असतात.

माझे डोनट भाजलेले असतात, तळलेले नाही. यामागे आरोग्याचं वगैरे तत्त्व नाही. आमच्या वर शाहबेन राहतात, त्यांना तळणाचा वास सहन होत नाही आणि त्या सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत. ओव्हनमधला लोण्याचा वास मात्र त्यांना चालतो. इतका चालतो की वास आला की त्या खाली येतात. त्यांच्यासाठी बिनअंड्याचे वेगळे करते. दारातूनच त्यांचा पहिला प्रश्न असतो, "ट्रे अलग छे ने?" अलग आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मग बसतात. म्हणजे उभ्या राहतात.

या कामात दोन गोष्टी शिकायला वेळ लागतो. एक पीठ, दुसरं ग्लेझ. बाकी सगळं ओव्हन करतो.

पिठात मैदा, दूध, लोणी, अंडं, यीस्ट. ते मळायला घेतलं की हाताला, ओट्याला, जिथे लागेल तिथे चिकटतं. आपल्या बायकांचा हात पोळीचा. चिकटलं की पिठी लाव, ही सवय लहानपणापासूनची. इथे पिठी लावली की डोनट संध्याकाळपर्यंत भाकरीसारखा होतो. चिकटू द्यायचं आणि मळत राहायचं. एका वेळेनंतर ते आपणहून हात सोडतं. मग छोटा तुकडा घेऊन दोन्ही हातांनी हळू ताणायचा. पडद्यासारखा पातळ होऊन पलीकडचा उजेड दिसला आणि तरी फाटला नाही, की झालं.

ग्लेझ म्हणजे वरचं साखरेचं चकचकीत कवच. पिठीसाखर, दूध, थोडं लोणी, चिमूटभर मीठ. चमच्यावरून सोडलं तर रेघ उमटून क्षणात मिटली पाहिजे. डोनट गरम असताना पहिला थर पातळ द्यायचा, तो आत मुरतो. निवल्यावर दुसरा जाड. मग जाळीवर उघड्या हवेत राहू द्यायचं, की वर नखाने टिचकी मारता येईल अशी पापडी धरते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, असल्या दमट गावात ही पापडी धरायला भाग पाडणं, एवढंच माझं कौशल्य. त्याचा मला अभिमान आहे.

सुनंदा माझ्याकडे आली ती ट्रे घासायला. मूळची संगमेश्वरकडची, राहायला पेणकरपाड्यात. नवरा एका बिल्डिंगचा वॉचमन. ती स्वतः भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बरीच वर्षं पॉलिशला होती. फिरत्या चाकाला डबा टेकवायचा आणि त्यात चेहरा दिसेपर्यंत फिरवत राहायचा. कारखाना बंद झाला आणि ती घरी बसली. पहिल्या दिवशी तिने ट्रे असा घासला की मला त्यात माझी हनुवटी दिसली.

"ताई, केवढा काळा झालेला. कधी घासला नव्हता की काय?"

"अगं, तो काळाच होता. नॉनस्टिकचा थर होता तो."

तिने ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग आता चांगला दिसतोय की," म्हणाली.

अशा बाईला काढून टाकतात किंवा जवळ ठेवतात. मी जवळ ठेवली.

गेल्या डिसेंबरच्या सुरुवातीला मी मासळी बाजारात बर्फाच्या पाण्यावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. पापलेटची पिशवी हातातून सोडली नाही, असं आमचे हे अजून लोकांना सांगतात. कोपरापर्यंत प्लास्टर. डिसेंबरच्या सगळ्या ऑर्डर मी फोन करून परत केल्या. एक तेवढी परत जाईना. उत्तनच्या ग्रेसी आँटींची.

ग्रेसी आँटी म्हणजे उत्तनच्या कोळी ख्रिस्ती बाई, सत्तरीच्या पुढच्या. नाताळच्या सकाळी मिस्साची प्रार्थना आटोपली की चर्चमागच्या पटांगणात गावातल्या पोरांना खाऊ वाटायचा, हे काम त्यांच्याकडे. एकदा कुणीतरी माझे डोनट त्यांना खायला दिले, तेव्हापासून खाऊ म्हणजे तेच.

"काय गो बाय, हात मोडून बसलीस म्हनतात."

"हो ना आँटी. यंदा तुम्ही दुसरीकडून घ्या."

"दुसरीकडून घेयाचे तर मला दुकान म्हाईत न्हाय काय? अगो, आमच्या फुग्याला भोक पाडतेस नि वर साखर लावतेस, त्याला तू डोनट म्हनतेस. मी तर फुगेच तळले असते. पन पोरांना तुजेच पायजेत, मी काय करू?"

फुगे म्हणजे त्यांच्याकडे नाताळात घरोघरी तळतात ते मैद्याचे गोल, आतून पोकळ गोळे, पीठ नारळाच्या दुधात भिजवून केलेले. पूर्वी पीठ फुगवायला ताडी घालायचे. आँटींचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. दोन्ही एकाच घरातले.

फोन स्पीकरवर होता. सुनंदा सिंकपाशी उभी होती. फोन ठेवल्यावर तिने नळ बंद केला.

"मी करते ताई. तुम्ही बसून सांगा."

"ट्रे घासणं वेगळं, सुनंदा."

"म्हणूनच म्हणतेय." हात पदराला पुसत ती समोर येऊन उभी राहिली. "वरसाव्याच्या हॉटेलात बोलावलंय मला. किचनमध्ये, कांदे कापायला नि भांड्यांना. वर्ष संपायच्या आत सांगायचंय. मला नाही जायचं. पण इथेही भांडीच घासायची असतील तर तिथे पगार बरा आहे."

स्पष्ट बोलणं मला आवडतं. मीही स्पष्ट बोलले. उत्तन मला तसंही लांब पडत होतं, आणि मीरा रोडच्या ऑर्डरच मला पुरून उरतात. म्हटलं, "नाताळ नीट पार पाड. यापुढे उत्तनचं काम तुझं. ईस्टर, लग्नं, जे येईल ते. ओव्हन माझा वापर, पण ऑर्डर तुझी."

"आणि नीट नाही झालं तर?"

"तर आँटी मलाही दारात उभं करणार नाहीत. मग तू हॉटेलात जा."

"चालेल," ती म्हणाली.

त्यानंतर रोज मी खुर्चीत आणि ती ओट्याशी.

"चिकटतंय ताई. पिठी घेऊ?"

"नाही."

"थोडीशी?"

"नाही."

"दिसणारपण नाही एवढीशी?"

पिठीचा डबा मी शेवटी बेडरूममध्ये नेऊन ठेवला. पण ताणून बघायचं तिला एका फटक्यात कळलं. पिठाचा पडदा खिडकीसमोर धरून म्हणाली, "म्हणजे पॉलिशच की. दिसेपर्यंत सोडायचं नाही." चार दिवसांनी तिने मला सांगितलं, "ताई, तुम्ही बोलत राहिलात की माझा हात चुकतो." तेव्हापासून मी गप्प बसायला शिकले. एका हाताने साडी नेसण्यापेक्षा ते अवघड गेलं.

चोवीस तारखेला सकाळी तिने सगळे भाजले. दुपारी दुसरा थर दिला. मी सोफ्याभोवती फिरून जाळ्यांवर वाकून पाहिलं. सगळे सारख्या उंचीचे, कडेला फिकट पट्टा, वर आरसा. नाव ठेवायला जागा नव्हती. मला त्याचं थोडं वाईटही वाटलं. संध्याकाळी बॉक्समध्ये भरून रिक्षाने उत्तनला पोचवायचे होते. मधल्या वेळात मला प्लास्टर दाखवायला डॉक्टरकडे जायचं होतं.

"जाळीवर राहू दे," सांगून मी गेले.

परत आले तर जाळ्या रिकाम्या, धुऊन उभ्या केलेल्या. ओट्यावर स्टीलचे मोठाले डबे रांगेने मांडलेले, असे चकचकीत की ट्यूबलाइट त्यांच्यात वाकडी दिसत होती. सुनंदा बाजूला उभी, चेहरा फुललेला.

"घरून आणले ताई. कारखान्यातले, माझ्या हातच्या पॉलिशचे. पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये काय शोभा? आँटींना असे डब्यातून देऊ."

"झाकणं कधी लावलीस?"

"तुम्ही गेल्यावर थोड्या वेळाने. उघडं किती वेळ ठेवायचं? माश्या, धूळ, शाहबेनची मांजर."

"मी जाळीवर राहू दे म्हणाले होते."

"तासभर राहू दिले की!"

मी डाव्या हाताने झाकण उघडलं. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब खाली घसरले. तिने पोळ्यांच्या डब्यात घालतात तसं खाली आणि वर स्वच्छ फडकं घातलं होतं. वरचं फडकं उचललं तर त्याच्याबरोबर अर्धं ग्लेझ निघून आलं. खाली साखरेचं पाणी, त्यात डोनट बसलेले. निवल्यासारखे दिसले तरी त्यांच्या पोटात वाफ असते. झाकलं की ती वाफ बाहेर येते, साखर ती पिते आणि पाक होतो.

यात सुनंदाला दोष कसा द्यायचा? आपल्या घरांत केलेलं अन्न उघडं ठेवणं म्हणजे बेफिकिरी. आमटीवर ताटली, दुधावर जाळी, पोळ्यांवर फडकं. माझ्या आईने मला शिकवलं, तिच्या आईने तिला. डोनट झाकायचे नसतात, हे कुणीतरी सांगावं लागतं.

तिने एकेक डबा उघडला. सगळे बघितल्यावर खालीच बसली.

"हॉटेलला हो सांगते ताई," म्हणाली. रडली वगैरे नाही. रिक्षा चुकली तर दुसरी धरू, अशा आवाजात म्हणाली.

मी काही बोलणार एवढ्यात फोन वाजला. ग्रेसी आँटी. सहा वाजेपर्यंत येताय ना, म्हणून. माझ्या तोंडाशी उत्तर तयार होतं: रिक्षा मिळत नाहीये, पुलावर ट्रॅफिक आहे. आमच्या धंद्यात प्रत्येकीकडे अशी उत्तरं असतात. सुनंदाने उठून माझ्या हातातून फोन घेतला. तिचे हात साखरेने चिकट, फोनही चिकट झाला.

"आँटी, मी सुनंदा, ताईंकडची. डोनट माझ्या हातून बिघडले. झाकून ठेवले, साखर वितळली."

"झाकलेस? कशाला?"

"सवयीने."

"मंगे आता?"

"पोरांना कधी द्यायचेत?"

"उद्या सकालच्याला. मिस्सा सुटल्यावर."

"मग आज कशाला देऊ? उद्या सकाळी देते. ताजे."

"उद्या न्हाय आलीस तर पोरां मला खातील."

"येते," म्हणून तिने फोन ठेवला आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, होईल ना?"

होण्यासारखं होतं. मळलेलं पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवता येतं, थंडीत ते सावकाश फुगतं, उलट चव सुधारते. सकाळी लवकर भाजायचं. अडचण ग्लेझची होती. पहिला थर, निवणं, दुसरा थर, पापडी धरणं, एवढा वेळ सकाळी मिळणार नव्हता. आणि उत्तनच्या त्या समुद्रावरच्या हवेत, रिक्षाच्या धक्क्यांत, अर्धवट सुकलेलं ग्लेझ बॉक्सला चिकटून राहिलं असतं.

सुनंदा खराब डोनट पिशवीत भरत होती, तिच्या चाळीतल्या पोरांसाठी. (त्या पोरांनी ते बोटं चाटून खाल्ले, असं नंतर कळलं. त्यांच्या मते तेच जास्त चांगले.) भरता भरता थांबली.

"ताई, आमच्या गावाला लग्नात आचारी जेवण घरून करून आणत नाही. मांडवात येतो, तिथे चूल लावतो. आपण साखर तिकडे जाऊन लावली तर?"

इतकी वर्षं हे काम करतेय, पण ग्लेझ घरीच लावायचं असतं, असं मी कुठे आणि का ठरवलं होतं ते मला आठवेना.

"पीठ काढ," मी म्हटलं.

नाताळच्या सकाळी आम्ही साधे डोनट घेऊन निघालो. ग्लेझ एका बरणीत. डोनट पूर्ण निवलेले, वर साखर नाही, म्हणून मी म्हटलं, आता लाव डब्यांना झाकण, काही होत नाही. सुनंदाने मान हलवली. "आज नको." झाकणं पिशवीत टाकली, डब्यांवर नुसतं पातळ फडकं पसरलं आणि मुर्धे, राई करत उत्तन येईपर्यंत रिक्षात त्या फडक्याचे कोपरे धरून बसली.

पटांगणात कागदी चांदण्या टांगलेल्या, कोपऱ्यात येशूजन्माच्या देखाव्याचा गवताचा गोठा, आणि समुद्राकडून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. ग्रेसी आँटी नव्या साडीत टेबलाशी उभ्या होत्या. डब्यांत डोकावल्या.

"हे तर बोडके हायत. साखर कुठे हाय?"

"हितंच लावते," सुनंदा म्हणाली. घाबरली की ती गावच्या भाषेवर येते.

तिने बरणी उघडली. वाटेत ग्लेझ गार होऊन घट्ट झालं होतं. चमच्यावरून सोडलेली रेघ तशीच उभी राहिली, मिटेना. मिस्सा सुटल्याची घंटा झाली, चर्चच्या दारातून पोरं पळत येताना दिसली. मी तोंड उघडलं. पण तोवर ती म्हणाली होती, "आँटी, एक टोप गरम पाणी. लवकर." टोप आला, तिने बरणी त्यात उभी केली, ढवळलं, चमचा उचलला. रेघ पडली आणि मिटली. तिने दोन्ही बाजूंनी उजेडात पाहिलं, डबा पॉलिशला धरल्यासारखं.

मग पहिला डोनट बुडवून, एक झटका देऊन उलटा केला. समोरच्या पोराचा चेहरा त्या चकाकीत हलला.

पापडी धरायला कुणी थांबलंच नाही. रांग लावा म्हणून आँटी ओरडत होत्या आणि रांग टेबलाभोवती गोल फिरून परत पुढे येत होती. "मावशी, माजा दोनदा बुडव!" "मावशी, ह्याने दोनदा घेतलान!" बरणी खाली गेली तशी एक मुलगी बोटाने काठ पुसायला टपून राहिली. माझं काम एकच होतं, डाव्या हाताने कागद पुढे करणं.

शेवटी आँटींनी एक घेतला. बघितला, वास घेतला, खाल्ला. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या.

"फुगे चांगले झालेत," त्या म्हणाल्या. आणि मोबाइल काढून सुनंदाला विचारलं, "तुजा नंबर सांग."

"ताईंचा आहे ना तुमच्याकडे?"

"तिचा काय कामाचा? हात मोडका. ईस्टरला तू ये. आनि त्याच्या आदी मे म्हयन्यात माज्या भाचीचा लगीन हाय... न्हाय, ते ईस्टरच्या मागनं. दोनीला ये. नि हितंच येऊन लाव, पोरांना गंमत वाटते."

मला थोडं लागलं, खरं सांगते. ठरलं तसंच झालं होतं, तरी माझ्याकडे एकदा बघायला हरकत नव्हती. पण लागलं ते रिक्षात बसेपर्यंतच.

निघताना आँटींनी घरातून फुगे आणले आणि सुनंदाच्या सगळ्यात मोठ्या डब्यात ओतले. गरम होते. सुनंदाने सवयीने पिशवीतून झाकण काढलं आणि हात डब्यावर अधांतरी थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी आँटींकडे.

"झाक गो," आँटी म्हणाल्या. "फुगे हायत ते. त्यांना काय न्हाय होत."

तिने तळहाताने दाबून झाकण घट्ट बसवलं.

राई मागे पडल्यावर तिने फोन लावला. पलीकडून हॉटेलचा मॅनेजर काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं.

"नहीं सेठ, नहीं जमेगा. मेरा ऑर्डर है," ती म्हणाली. मग थोडं थांबून, मांडीवरच्या डब्यावर हात ठेवून, "नहीं नहीं, मॅडम का नहीं. मेरा."